विरळ हवेत गेलेले इंजिन

२०१८ सालच्या उन्हाळ्यात मला नागपूरहून हिमालयातल्या एका तळ्यावर नेले. त्या एका प्रवासाने माझे आयुष्य फिरले. मित्रांनो, मी नावेच्या पाठीला अडकवायचे एक जुने पेट्रोलचे इंजिन आहे. आता नागपूर जिल्ह्यातल्या कुहीजवळ पत्र्याच्या छपरीत एका दांडीला टांगलेले असते. बोलायची उमेद फारशी उरलेली नाही, तरी सांगते.

कारखान्यातला माझा जन्म मला नीटसा आठवत नाही. आठवतात ते नानाजी. धरणाचे पाणी पसरले तेव्हा त्यांचे घर एका काठावर राहिले आणि उरलेले शेत दुसऱ्या. म्हणून त्यांनी नाव घेतली आणि नावेसाठी मला घेतले. धानाची पोती, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडे, मी सारे ओढले. मे महिन्यात आमच्याकडची माणसे डोक्याला दुपट्टा बांधूनच बाहेर पडतात. नानाजी मलाही ओला दुपट्टा बांधत, नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून. माझा जोर कमी पडला की स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवत. "भूक लागली असन बिचाऱ्याले," म्हणत.

त्यांची पुतणी दामिनी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथले काही डॉक्टर दर उन्हाळ्यात पहाडात आरोग्य शिबिर घेत. त्या वर्षी तळ्यावरच्या नावेचे इंजिन बंद पडले, तेव्हा दामिनीने काकांचे नाव सुचवले. नानाजी निघाले. दामिनी शिबिराबरोबर जाणारच होती, स्वयंपाकाला नानाजींच्या पत्नी सुभद्राबाईही निघाल्या.

निघण्याआधी कन्हानच्या ओमप्रकाश मेकॅनिकने मला तपासले. ज्या पितळी तुकड्याच्या बारीक भोकातून मला पेट्रोल मिळते, त्याला जेट म्हणतात. ओमप्रकाशने आणखी बारीक भोकाचा एक जेट आणि पाण्यात फिरून नाव ढकलणारा, कमी वळणाच्या पात्यांचा एक पंखा पुढे केला.

"दादा, वर हवा कम राहते. मंग पेट्रोलही कमच द्या लागते. तिथं हे लावा. आन खाली आले का पहिले जुना जेट बसवा."

"काहून गा? माझं इंजिन काय म्हातारं झालं?" असे म्हणून नानाजींनी दोन्ही वस्तू पेटीच्या तळाशी टाकल्या.

तळे निळे होते, हवा बोचरी होती, आणि मला श्वास पुरेना. पहिल्याच फेरीत सुभद्राबाई आणि शिबिराचे सामान पलीकडच्या वस्तीवर पोचवताना मी काळा धूर ओकला. नानाजींनी सवयीने पेट्रोल वाढवले. मला थंडी बाधू नये म्हणून दुपट्टाही गुंडाळला, तो नेमका माझ्या हवेच्या तोंडावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून निरोप आला. सुभद्राबाईंना धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. त्यांना ताबडतोब खाली उतरवायला हवे होते, आणि खाली जाणारा रस्ता अलीकडच्या काठावर होता. पलीकडे फक्त खेचरांची वाट होती. दुपारी वारा सुटला की नाव घालता येत नसे.

अलीकडच्या काठावरून नानाजी आणि दामिनी नावेत बसले. मी खोकत थोडे पुढे गेले आणि बंद पडले. वाऱ्याच्या झुळकीने नाव परत काठाला लागली. नानाजींचा हात पुन्हा स्क्रूकडे गेला.

"काका, काय करून राहिले?"

"खायाले देतो त्याले. ताकद नाही त्याच्यात."

"धूर पाहा, वास पाहा. पोट भरून वाहून राहिलं त्याचं. काकूले तिकडं दम लागला, तर तिच्या तोंडात भात कोंबसान का?"

नानाजींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांचाही ऊर धपापत होता. मग त्यांनी दुपट्टा सोडला आणि पेटी उलटी केली. बारीक जेट बसवला, काजळलेला प्लग बदलला, पंखा बदलला.

"सामान उतरव वं दामिनी, आपण दोघंच जाऊ. ऑक्सिजनची टाकी तेवढी राहू दे."

घरचा जोर मला आला नाही. तेवढी हवाच तिथे नव्हती. पण धूर थांबला, नव्या पंख्याने फिरणे हलके झाले, आणि मी न थांबता चालले. वारा सुटला तेव्हा सुभद्राबाई अलीकडच्या काठावर गाडीत होत्या. गाडी जसजशी उतरली तसतसा त्यांचा श्वास मोकळा झाला.

माझे खरे दुखणे त्यानंतरचे आहे. घरी आल्यावर नानाजींनी मला हळदकुंकू लावले, हार घातला. ओमप्रकाश आला तेव्हा जुना पंखा तेवढा लावू दिला.

"दादा, जेट राहिला."

"त्याले हात नको लावू. त्यानं माझी सुभद्रा आणली."

"अहो, इथं हवा भरपूर आहे. पेट्रोल कमी पडन, जळून जाईन ते."

"इतके वर्षं मी चालवून राहिलो का तू?"

ओमप्रकाश अवजारे उचलून निघून गेला. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी बायांनी भरलेली नाव ओढत होते. भरपूर हवेत थोडेसे पेट्रोल मिळून मी आतून तापत गेले. पाण्याच्या मध्यावर पिस्टन वितळून चिकटला. दुसऱ्या नावेने आम्हाला काठाला आणले. कोणाला इजा झाली नाही. नानाजी मात्र काठावर माझ्याजवळ किती तरी वेळ बसून होते.

नानाजींना जाऊन आता दोन वर्षे झाली. त्यांनी दुसरे इंजिन घेतले नाही, शेत ठेक्याने दिले. ओमप्रकाशने गॅरेज बंद केले आणि तो कामठीला मुलीकडे राहायला गेला. दामिनी धंतोलीतच आहे, वॉर्डाची मुख्य नर्स झाली आहे. सुभद्राबाई ठणठणीत आहेत. दसऱ्याला त्या माझ्यावरची धूळ पुसतात. मला भंगारात घालायचे कोणी म्हटले की म्हणतात, "राहू द्या, ते दमलं आहे."

मित्रांनो, मला त्या हाराचा राग नाही. नानाजींनी माझ्यावर जीव लावला, हे मी कधी विसरणार नाही. पण तुमच्या घरातल्या यंत्राने, जनावराने किंवा माणसाने तुमच्यासाठी एकदा जिवाचे रान केले, तर त्याला त्या एका दिवसात अडकवून ठेवू नका. आज त्याला काय हवे आहे, ते रोज नव्याने विचारा.