शिट्टी ऐकू येईल अशी जागा

माझा नवरा डॅरिल दुखलं की शिट्टी वाजवतो. ओरडणार नाही, कण्हणार नाही. ओठांचा चंबू करतो आणि ना सूर ना ताल अशी बारीक शिट्टी सुरू. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘दुखतंय’ हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “ठीक आहे गं, रेलीन.” एकदा पाय मोडला होता, तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा ठीकच होता मेला.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात दिवसभर शिट्टी. डॅरिल मेंढ्यांची लोकर कातरतो. जन्मभर कंबरेतून वाकून गुडघ्यांत मेंढी आवरायची आणि हातातलं यंत्र चालवायचं, मग कंबर कुरकुरली नसती तरच नवल. डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं, “पिलाटेसचे व्यायाम सुरू कर. पोट-पाठ आतून बळकट झाली तर ठीक, नाहीतर कातरणं सोड.”

सोड म्हणे! त्याच वसंतात आमची किरा पहिल्यांदा पुऱ्या मोसमासाठी कातरायला उभी राहणार होती आणि ठेकेदाराने बापलेकीला शेजारशेजारच्या जागा दिल्या होत्या. पोर कातरणीच्या शेडमध्ये रांगायची तेव्हापासून डॅरिल त्या दिवसाची वाट बघत होता.

“मला तिच्या शेजारी एक रन काढायचाय,” तो म्हणाला. “एकच. मग तुम्ही म्हणाल ते.”

रन म्हणजे घंटेपासून घंटेपर्यंत दोन तास. मध्ये कोणी पाठ सरळ करत नाही. करेल त्याची वर्षभर टिंगल होते.

पहिला स्टुडिओ किराने शोधला, तासाभरावर एचुकात.

“डॅड, इथे जा. माझ्या सगळ्या मैत्रिणी इथेच जातात.”

“मी काय पोरगी आहे?”

“नाही, पण कंबर म्हातारीची आहे ना!”

मी त्याला घेऊन गेले. चारी भिंतींना आरसे, सुवासिक मेणबत्त्या, सरकत्या फळीची आणि स्प्रिंगांची यंत्रं रांगेत मांडलेली. शिकवणाऱ्या मुलीने हसून विचारलं, “तुमचं ध्येय काय? सपाट पोट की घट्ट दंड?” डॅरिलला पोट आहेच कुठे! त्याचे दंड तर तिच्या मांडीएवढे. तो म्हणाला, “ठीक आहे.” मग तिने गाणी लावली, अशी की माझी खुर्ची थरथरायला लागली.

शेजारच्या यंत्रावर नारिंगी कपड्यांतली एक तरुण मुलगी होती आणि डॅरिल सारखा तिच्याकडे तिरका बघत होता. मी मनात म्हटलं, थांब लेका, घरी चल, दाखवते तुला. मग बघितलं तर त्याचे ओठ हलत होते. अगं बाई, हा मोजत होता! शेडमध्ये नजर कायम शेजाऱ्यावर. त्याच्या किती मेंढ्या झाल्या, आपल्या किती झाल्या. ह्या माणसाने त्या बिचारीशी शर्यत लावली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

“हरवलं तिला,” गाडीत बसताना हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पलंगावरून उठता येईना. मोजे मी चढवले. शिट्टी तर थांबायचं नावच घेईना.

“माझीच चूक,” किरा रडवेली झाली.

“चूक तुझी नाही, तुझ्या बापाच्या टाळक्याची आहे,” मी म्हटलं. पण मला खरी भीती वेगळीच वाटली होती. त्या गाण्यांच्या गोंगाटात तो शिट्टी वाजवत असणारच, आणि मला ती ऐकू आली नव्हती.

मग मी स्वतः बाह्या सरसावल्या. सगळीकडे फोन लावले आणि विचारलं एवढंच, गाणी लावता का आणि एका वेळी किती जणांना शिकवता? काहींना वाटलं, बाई वेडी आहे. वाटू दे. एके ठिकाणी म्हाताऱ्यांचा शांत वर्ग मिळाला. सगळं खुर्चीत बसून, नंतर चहा आणि केक. केक डॅरिलला आवडला, पण शेजारच्या आजोबांनाही त्याने हरवलं. नको म्हटलं बाबा, घरी चल.

शेवटी सापडली ती आमच्याच डेनिलिक्विनमध्ये, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. ब्रिजिड नाव, मेलबर्नहून आलेली. गाणी नाहीत, आणि एका वेळी एकच माणूस. म्हणजे हरवायला कोणी नाही.

“तुला परत काय करता यायला हवंय?” तिने विचारलं.

“मेंढ्या,” डॅरिल म्हणाला.

“मी मेंढी जवळून पाहिलेलीसुद्धा नाही. दाखव, कसं करतोस?”

डॅरिल लाजला. मग कोपऱ्यातला मोठा लोड उचलून त्याने मेंढी असल्यासारखा ढुंगणावर बसवला, गुडघ्यांत धरला आणि हातात यंत्र आहे असं समजून कातरायला लागला. ब्रिजिड त्याच्याभोवती फिरली, त्याची पावलं बघायला चक्क जमिनीवर आडवी झाली. लोडाची डावी कूस फिरवताना डॅरिलची शिट्टी सुरू झाली.

“कुठलं गाणं?” तिने विचारलं.

“गाणं कसलं डोंबलाचं!” दारातून माझ्याच्याने राहवेना. “दुखतंय त्याला.”

डॅरिलने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर पबमध्ये त्याची पँट खेचली. ब्रिजिड मात्र उठून बसली.

“बरं. मग आपला नियम ठरला. शिट्टी आली की थांबायचं. आणि शिट्टीच्या जागी शब्द आला तर फारच उत्तम.”

“ठीक आहे,” डॅरिल म्हणाला.

“हे ‘ठीक आहे’सुद्धा बंद.”

शप्पथ सांगते, त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

तो जायला लागला आणि घरी येऊन कुरकुरायला लागला. “ही बाई मला हलूच देत नाही. आज सगळा वेळ नुसता श्वास. श्वास मला येतो की!” हळूहळू मोजे स्वतः घालायला लागला. शिट्टी कमी झाली. आणि मला नवीच काळजी लागली. दुखणं खरंच कमी झालंय, की नियम झाला म्हणून हा शिट्टीसुद्धा गिळतोय? तसं असेल तर मला कळायचं कसं?

वसंत आला. मोसमाच्या पहिल्या सकाळी मी शेडमध्येच होते. कातरणाऱ्यांच्या ह्या टोळीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. घंटा झाली, यंत्रं घुरघुरली. किरा माझीच पोरगी, सुटली ती सुटलीच. थोड्या वेळात ती एका मेंढीने बापाच्या पुढे गेली, मग आणखी एका. मी चहाचं आधण ठेवता ठेवता बघत होते. आता हा पेटणार, आता हा कंबर मोडून घेणार. पण त्याने मान वळवली नाही.

आणि मग भर रनमध्ये, कातरलेली मेंढी खाली सोडून, डॅरिल सरळ उभा राहिला. हात कंबरेवर ठेवले, डोळे मिटले आणि ब्रिजिडने शिकवला तसा लांब श्वास सोडला.

“काय रे डॅरिल, घरी निघालास?” पलीकडून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

“निघालो असतो, पण बायको इथेच आहे,” डॅरिल म्हणाला आणि पुढची मेंढी ओढली.

घंटा झाली. यंत्रं बंद पडली आणि शेड एकदम गप्प झाली. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी, सगळा जीव कानांत. शिट्टी नव्हती. डॅरिल घाम पुसत माझ्याकडे आला, ट्रेमधला मग उचलला.

“रेलीन,” तो म्हणाला, “दुखतंय गं थोडं. इथे, डावीकडे.”

मी ट्रे खाली ठेवला. डोळ्यांना धार लागली ती थांबेचना.

“मॉम, काय झालं?” किरा धावत आली.

“काही नाही. ठीक आहे मी.”

“हे ‘ठीक आहे’ बंद,” डॅरिल म्हणाला.

“बरं वाटतंय रे मेल्या,” मी म्हटलं. “फार बरं वाटतंय.” आणि त्याने दाखवलं तिथे, डावीकडे, हात ठेवला.