पुढच्या कोपऱ्यातलं फूल

"आई, एकशे तीसवर अर्धा तास. घंटी वाजली की ओव्हन बंद करा, दार उघडा आणि ट्रे तसाच राहू द्या. हात लावू नका." माझी सून चपला पायात सरकवत बोलत होती. नातीच्या शाळेतून फोन आला होता. पोरगी तापाने फणफणली होती आणि माझा मुलगा कामावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. "हात लावू नका हं," असं जिन्यावरून पुन्हा ओरडून ती पळाली.

एकदा सांगून भागलं असतं. तीस वर्षं मी बेकरीत भट्टीपुढे काढली आहेत. माशाच्या पोराला कुणी पोहायला शिकवतं का?

ट्रेवर चाफ्याची फुलं होती. खरी नव्हेत, पॉलिमर क्लेची, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीची. सून ती मऊ माती मळते, कागदासारखी पातळ लाटते, पाकळ्या कापून एकीच्या कुशीत दुसरी बसवते, ब्रशने मध्यभागी पिवळी पूड लावते आणि सुईने आरपार भोक पाडते. भाजली की ती मणी म्हणून दोऱ्यात ओवायची. मधे सगळ्यात मोठं फूल, दोन्ही बाजूंना उतरत्या मापाच्या जोड्या. सुरुवातीला मी याला मातीत खेळणं म्हणायचे. आता म्हणत नाही, निदान तिच्यासमोर तरी.

हा हार आज चारला दागिन्यांच्या दुकानात पोचायचा होता. तिचा पहिला हार तिथे मागच्या महिन्यात काचेत लागला आणि तिसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या हातात पाकळी मोडली. नीट भाजली गेली नव्हती. दुकानवालीने स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदाच बघते. पुन्हा तुटलं तर येऊ नकोस." दोन दिवस ही पोर धड जेवली नाही.

आणि ती फुलं कच्ची का राहिली? तर मी, कसं चाललंय बघायला म्हणून, तीनदा ओव्हनचं दार उघडलं होतं. सून मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर भांडून मोकळी झाले असते. तिचं ते न बोलणंच मला महिनाभर टोचतंय.

म्हणून आज मी शहाण्यासारखी स्टुलावर बसले. काचेतून आतल्या छोट्या तापमापकाचा काटा दिसत होता, बरोबर एकशे तीसवर. मला तो आकडाच पटत नव्हता. एवढ्या उबेत आमचं साधं बिस्किटसुद्धा भाजलं नसतं. बेकरीत मी नुसत्या वासावर ट्रे काढायचे. दर ट्रेमध्ये एक बिस्किट जास्तीचं ठेवायचे, ज्याला हात घातल्याशिवाय राहवत नाही त्याच्यासाठी. बाकी मालाला कुणी बोट लावलं की लाटणं उगारायचे. सुनेला या गोष्टी मी कितीदा ऐकवल्यात! ती खाली मान घालून पाकळ्या वळत बसते. ऐकते की नाही, देव जाणे.

घंटी वाजली. ओव्हन बंद केला, दार उघडलं. आता बाजूला व्हायचं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच. पुढच्या कोपऱ्यातलं एक फूल मी फडक्याने उचललं आणि पाकळी अंगठ्याने जराशी दाबली.

पाकळी लोळागोळा होऊन दुमडली. मऊ, अगदी रबरासारखी.

"कच्चं! पुन्हा कच्चं!" मी मोठ्याने म्हटलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. ते फूल तसंच ओट्यावर पालथं टाकलं आणि सुनेला फोन लावला. तिचा फोन आतल्या खोलीत वाजला. धांदलीत इथेच राहिला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पावणेतीन झाले होते.

मग मी माझ्या अकलेने चालले. ट्रे आतच होता; दार लावलं आणि बटण फिरवलं ते थेट एकशे ऐंशीवर. बिस्किटांचा आकडा, हात आपसूक तिथेच गेला. काटा चढू लागला. एकशे पस्तीस. एकशे चाळीस. इस्त्रीखाली रेनकोट सापडावा तसा वास सुटला. नाक म्हणत होतं, बाई, आवर. मन म्हणत होतं, कच्चं राहिलं तर पोरीच्या हातचं दुकान गेलं, आणि पुन्हा तुझ्यामुळेच. एकशे पन्नास. पांढऱ्या पाकळ्या करपायला कितीसा वेळ लागणार? मी काचेला नाक लावून उभी होते.

खिडकी उघडायला वळले तर कोपराचा धक्का लागून ओट्यावरचं फूल खाली पडलं. टक्क. खडा पडावा तसा आवाज.

उचललं. कडक! दोन्ही अंगठ्यांनी मोडू पाहिलं, मोडेना.

बिस्किटसुद्धा भट्टीतून निघतं तेव्हा मऊच असतं. गार झालं की कडक होतं. नव्या पोरींना हे मी घसा फाटेस्तोवर सांगायचे, "गरम मालावर अक्कल पाजळू नका!" आणि आज स्वतः?

झडप घालून ओव्हन बंद केला, ट्रे बाहेर काढला, खिडक्या उघडल्या. एकेक फूल डोळ्यांनीच तपासलं. एकही पिवळं पडलं नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. खरंच रडले.

मग ते दुमडलेलं फूल आठवलं. हारातली फुलं जोडीची, एक गेलं की जोडीदार एकटा. नवीन करायला वेळ नव्हता. ते मी एप्रनच्या खिशात लपवलं. पडलं म्हणावं? सापडत नाही म्हणावं?

सून आली. नातीला निजवलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, हात धुतले आणि ट्रेपाशी आली. एक फूल वाकवून बघितलं, दुसरं बघितलं. मग तिची नजर पुढच्या कोपऱ्यावर थांबली.

"मी हात लावला," मी म्हटलं. खिशातलं फूल काढून तिच्यापुढे ठेवलं. "मऊ लागलं म्हणून सगळी पुन्हा भाजायला लावली, एकशे ऐंशीवर. थोडक्यात वाचली. आणि मागच्या वेळी दारही मीच उघडलं होतं, तीनदा. तुला माहीत होतं ना?"

"होतं." तिने दोरा घेतला आणि फुलं मापाप्रमाणे मांडू लागली.

"अगं, पण एक कमी पडेल! आता काय करायचं?"

"मोजा."

मी मोजली. मधलं मोठं एक आणि अकरा जोड्या. तेवीस. सगळ्या जोड्या पुऱ्या.

"हाराला तेवीसच लागतात," सून म्हणाली. "चोविसावं तुमचं होतं. मुद्दाम पुढच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. ज्याला राहवत नाही त्याच्यासाठी."

माझ्या श्रीमुखात बसल्यासारखं झालं. म्हणजे ती ऐकत होती. प्रत्येक वेळी, खाली मान घालून, सगळं ऐकत होती.

तिने सुई माझ्यापुढे धरली. "माझे हात कापतायत, आई. तुम्ही ओवा. आता गार झालीत, आता लावा हात."