बिशपच्या गळ्यातली घंटा

मी एक घंटा बोलतेय. चर्चच्या मनोऱ्यात बसून गावाला वेळ सांगणारी घंटा मी नव्हे. माझा जन्म मेंढ्याच्या गळ्यासाठी झाला. मधले काही महिने मला बोलताही येत नव्हतं, कारण माझ्या तोंडात लोकरीचा बोळा ठासलेला होता. तेव्हा मी नुसतं ऐकत होते. ऐकून ऐकून इतकं साठलंय की आता कुणीतरी समोर बसून ऐकावं असं वाटतं.

स्पेनच्या नैर्ऋत्येकडे, कासेरेसजवळच्या एका गावात कासिमिरो नावाच्या कारागिराची भट्टी होती. त्यानं लोखंडी पत्रा वाकवून मला घडवलं, अंगावर पितळेचे तुकडे ठेवले, गवत कालवलेल्या मातीत गुंडाळलं आणि विस्तवात लोटून दिलं. माती फोडून मला बाहेर काढलं, तेव्हा ते पितळ वितळून माझ्या अंगभर बसलं होतं. मग ओकच्या लाकडाचा लोलक आत अडकवून त्यानं मला कानाशी धरून वाजवलं. कपाळाला आठ्या घातल्या, कडेवर हातोडीचा हलका ठोका दिला, परत वाजवलं. पुन्हा आठ्या. हा माणूस माझ्यात शोधतोय तरी काय, हेच मला कळेना. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कोडं.

भिंतीला टेकून एक धनगर उभा होता. तो एकदम म्हणाला, “बस्स. हीच.”

“अरे थांब, अजून एक ठोका बाकी आहे,” कासिमिरो म्हणाला. “शेवटी जरा बोबडी बोलतेय.”

“बोलू दे. बोबडी असली की लांबून ओळखू येईल.”

तो निकानोर. माझा बोबडेपणा त्यानं जपून ठेवला, आणि मी त्याची झाले.

निकानोरचं घर उत्तरेला, लेओनच्या डोंगरात. पण हिवाळ्यात तिथं बर्फ पडतं, म्हणून तो कळप घेऊन दक्षिणेच्या ओकच्या रानात राहायचा आणि उन्हाळा लागला की जुन्या वाटेनं पायी डोंगराकडे निघायचा. कळपाच्या पुढे एक थोराड मेंढा चालतो, त्याच्या गळ्यात मी. बाकीच्या मेंढ्या माझ्या आवाजामागून येतात. मेंढे बदलत गेले, मी तीच राहिले. शेवटचा मेंढा पोट पुढे काढून, कुणाकडेही न बघता चालायचा. निकानोरनं त्याचं नाव बिशप ठेवलं होतं.

निकानोरच्या थोरल्या बहिणीला, तोमासाला, हे नाव अजिबात खपत नसे. “मेंढराला बिशप म्हणतोस? नरकात जाशील!”

“जाईन की. तिथल्या मेंढ्या राखायलाही कुणीतरी लागेलच,” निकानोर म्हणायचा.

ती वाट मी किती पाहिली! रस्त्याकडेला रोमन लोकांनी अंतर मोजायला रोवलेले दगडी खांब. त्यांचा उपयोग मेंढ्यांनी अंग खाजवायला शोधून काढला होता. एके ठिकाणी चारी बाजूंनी उघडी असलेली कमान. आजूबाजूचं शहर कधीच मातीत गेलंय, ती एकटी वाटेवर पाय फाकून उभी. गावागावांच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी. आणि अलीकडे सायकलवाली माणसं. मला त्यांचं फार कुतूहल वाटायचं. मागे दोन पिशव्या लटकवायच्या, भर उन्हात धापा टाकत चढ चढायचा, वर पोचलं की फोटो काढायचा आणि उतरून जायचं. मेंढ्या निदान गवतासाठी तरी चढतात. यांना वर काय मिळतं, हे बिशपलाही कळत नसावं. तो त्यांच्याकडे मान वळवून बघायचा, आणि बिशप एरवी कुणाकडेच बघत नसे.

डोंगरातल्या घरी पोचलो की निकानोरची बायको बेनिता पहिल्याच संध्याकाळी विचारायची, “कसा होता रस्ता?”

“रस्ता. धूळ. दुसरं काय असणार?”

“अरे, पण इतके दिवस चालतोस. काहीतरी दिसत असेल ना?”

“समोरचं दिसतं. मागे वळून बघितलं की मेंढ्या थांबतात.” एवढं बोलून तो सूप ओढायला लागायचा. बेनिता थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, मग पाव कापायला उठायची. मी अंगणात बिशपच्या गळ्यात असायचे. मला सगळं माहीत होतं. पण घंटेला कोण विचारतो?

गेल्या हिवाळ्यात, दक्षिणेतल्या झोपडीत, निकानोर झोपेतच गेला.

आमच्याकडे मालक गेला की कळपाच्या गळ्यातल्या घंटा उतरवतात. पुढच्या मेंढ्याची घंटा मालकाच्या बायकोकडे देतात, घंटेच्या तोंडात लोकर भरतात आणि वर्षभर तिला वाजू देत नाहीत. पुतण्या एलॉय मला घेऊन डोंगरातल्या घरी आला. बेनितानं मला हातात घेतलं, पण लोकर भरणं तिच्यानं होईना. मग तोमासा पुढे झाली. तिनं अंगठ्यानं लोकर अशी ठासली की माझा लोलक जागचा हलेना. नंतर ती परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

कळप एलॉयकडे गेला. बाकीचे लोक आता मेंढ्या ट्रकमधून नेतात. एलॉय म्हणाला, “काकांसारखा मी चालतच आणीन.” त्यानं नवा मेंढा तयार केला, त्याच्या गळ्यात नवी घंटा बांधली. बिशप कळपात मागे कुठेतरी चालायला लागला.

मग एक दिवस बेनितानं सूप ढवळता ढवळता सांगितलं, “मला तो रस्ता बघायचाय.”

“सुतकात सहलीला जाणार?” तोमासा म्हणाली.

“सहल कसली? तो काय बघत होता ते बघायचंय.”

“चालत? आधी गुडघ्यांना विचार.”

“सायकलनं. रोज दूध घालायला जाते ती काय उडत जाते?”

तोमासा दोन दिवस भांडी आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांची जुनी सायकल मागून आणली. “तुला एकटीला सोडलं तर लोक मला नावं ठेवतील,” एवढंच म्हणाली. वर्षभर जिथं बाई तिथं घंटा अशी रीत, म्हणून बेनितानं मला आपल्या सायकलच्या दांड्याला बांधलं. आगगाडीनं दक्षिणेला गेलो आणि तिथून उत्तरेकडे परत निघालो. एलॉय कळप घेऊन आमच्या पुढे काही दिवसांच्या वाटेवर होता.

बेनिता म्हणजे नुसतं कुतूहल. ती प्रत्येक खांबापाशी उतरायची.

“अगं, दगड आहे तो!” तोमासा मागून ओरडायची.

“त्याला लोकर चिकटलीय बघ. आपल्याच मेंढ्यांची. ताजी आहे.”

“मग काय स्वेटर विणतेस आता?”

त्या कमानीतून बेनिता एका बाजूनं गेली, परत आली, मग दुसऱ्या बाजूनं गेली. निकानोर कुठल्या बाजूनं जात असेल, याचा तिला छडा लावायचा होता. तोमासा सावलीत बसून पाव आणि लाल सॉसेज खात होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मधून गं, अगदी मधून! टोपी काढून जायचा, आणि पलीकडे गेला की परत घालायचा. पण तोंडात बोळा. परदेशी सायकलवाले हात उंचावून जायचे, बेनिताही हात उंचावायची. माणसं चढ का चढतात हे मला तेव्हा थोडं कळायला लागलं. चढावर धाप लागली की बेनिता थांबायची, वळून सगळं खोरं बघायची आणि तिचा चेहरा जरा सैल व्हायचा.

घाटाच्या पायथ्याशी फेलिसाची खानावळ आहे. आम्ही दारात सायकली टेकवल्या आणि फेलिसा हात पुसत बाहेर आली. तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला हात लावला आणि बोळा चाचपला. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

“म्हणजे तू बेनिता,” ती म्हणाली. “ये. पण मिगास मी करणार नाही हं. शिळ्या पावाचा चुरा मीही लसणीवरच परतते, पण ‘बेनिताच्या हातची सर नाही’ हे दर वर्षी ऐकून कान किटले.”

बेनिता उंबऱ्यातच थांबली. “तो असं म्हणायचा?”

“म्हणायचा? अगं, त्याचं तोंड बंद कर म्हणून मी देवाची करुणा भाकायचे. ही घंटा मेंढ्याच्या गळ्यातून काढून अशी टेबलावर ठेवायचा आणि सुरू. बेनितानं दाराला निळा रंग दिला. बेनिता दूध काढताना गाते, इतकं बेसूर की गाय लवकर दूध देऊन मोकळी होते. बेनिता चांगलं चीज पिठाच्या डब्यामागे लपवते, नणंद आली की खाऊन टाकते म्हणून...”

“काय?” तोमासा खुर्चीतून उठली.

फेलिसानं तिच्याकडे नीट बघितलं. “अगंबाई. ही ती नणंद का?”

“पिठाच्या डब्यामागे?” तोमासा बेनिताकडे वळली. “आणि मला म्हणायचीस, यंदा चीज बिघडलं!”

बेनिता हसायला लागली. निकानोर गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “आणखी काय म्हणायचा?”

फेलिसा सांगत राहिली. बटाट्याचं ऑम्लेट ताटात गार झालं. घरी रस्त्याबद्दल दोन शब्द, आणि रस्त्यावर घराबद्दल अख्खी संध्याकाळ. माणसं अशी का असतात, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाट चढून पलीकडे उतरलो, तर लांबूनच कुत्र्यांचं भुंकणं कानावर आलं. डोंगरावरचं बर्फ वितळून नदी दुथडी भरून वाहत होती. तिच्यावर जुना दगडी पूल. पुलाच्या तोंडाशी एलॉयचा अख्खा कळप अडून उभा. पाण्याच्या आवाजाला मेंढ्या बिचकल्या होत्या. नवा मेंढा पुलावर चार पावलं टाकायचा आणि परत फिरायचा. मागच्या मेंढ्या पुढे रेटत होत्या, कडेच्या उतारावरून पाण्याकडे घसरत होत्या. एक मेंढी गळ्याएवढ्या पाण्यात गेली, एलॉयनं तिला लोकरीला धरून ओढून काढलं. तो कमरेपर्यंत भिजला होता.

“कुत्रे सोड मागून!” तोमासा ओरडली.

“सोडले तर सगळ्या नदीत जातील, आत्या!” एलॉय धावत आला. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. “काकू, घंटा दे. बिशप आहे कळपात. तो हिचा आवाज ओळखतो.”

बेनितानं मला सोडवलं. पण द्यायला हात पुढे होईना. तिनं तोमासाकडे बघितलं.

“वर्ष झालेलं नाही,” तोमासा म्हणाली.

“माहितीय.”

“लोक काय म्हणतील?”

खाली पाण्यात आणखी एक मेंढी उतरली होती. तिच्याकडे बघत बेनितानं माझ्या तोंडात बोट घातलं आणि लोकर ओढायला लागली. लोकर निघेना. नख मोडलं तरी निघेना. ती घाईघाईनं ओढतच राहिली.

तोमासानं सायकल गवतात टाकली. “आण इकडे. मी ठासलीय, माझ्याच हातानं निघेल.” अंबाड्यातला आकडा काढून तिनं माझ्या तोंडात खुपसला, पिरगाळला आणि बोळा उपसून काढला. “आणि ते चीज मी विसरलेले नाही,” असं म्हणून तिनं मला बेनिताच्या हातात दिलं.

मला पुन्हा दांड्याला बांधून बेनिता सायकलवर बसली. पुलावर उंचसखल दगड. प्रत्येक धक्क्याला मी वाजत होते. इतक्या महिन्यांनी आपलाच आवाज ऐकून मी दचकले. तोच, शेवटी जरा बोबडा.

कळपाच्या मागून एक डोकं वर झालं. बिशप. मेंढ्यांना ढकलत, पोट पुढे काढून तो पुलाच्या तोंडाशी आला, क्षणभर थांबला आणि माझ्यामागून चालायला लागला.

“काकू, मागे बघू नकोस!” एलॉय ओरडला.

तिला ते सांगायची गरज नव्हती. ती समोर बघत पायडल मारत राहिली. मागे आधी खुरांचा एकच आवाज होता, मग अनेक झाले, मग सगळा पूल दणदणायला लागला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात दांड्यावर लागत होते. निकानोर रस्ताभर काय बघत होता, ते तिला कळलं की नाही, सांगता येत नाही. पण काय ऐकत होता, ते तिनं ऐकलं.

पलीकडच्या काठावर मी बिशपच्या गळ्यात परत गेले. लोकरीचा बोळा बेनितानं खिशात ठेवला.

आता मी डोंगरात आहे. गवत उंच आहे, बिशप म्हातारा झालाय, आणि माझं पितळ एका कडेनं उडायला लागलंय. माझी फार अपेक्षा नाही. त्या वाटेनं सायकलवर जाल आणि पुढून बोबडी घंटा ऐकू आली, तर कडेला थांबा, आम्हाला जाऊ द्या. चढ का चढता ते मी विचारणार नाही. एवढंच करा, घरी पोचलात की कुणीतरी विचारेल, त्याला नीट उत्तर द्या.

आम्ही गावात पोचलो त्या संध्याकाळी शेजारणी अंगणात जमल्या होत्या. एकीनं विचारलं, “काय गं बेनिता, कसा होता रस्ता?”

“रस्ता. धूळ. दुसरं काय असणार?”

“खोटारडी!” तोमासा आतून ओरडली. ती पिठाच्या डब्यामागे हात घालून काहीतरी शोधत होती.

बेनिता हसली, निळ्या दाराशी खुर्ची ओढून बसली आणि कमानीपासून सांगायला लागली.