शंभराचे दीडशे

मिस्त्रीने पिस्टन टेबलावर असा आदळला की मेहुणा दोन पावलं मागे सरकला.

"बघ! डोळे फाडून बघ! भोक पडलंय त्याला. बोट जातंय आरपार!"

मेहुण्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. "भाऊजी, कंपनीचा मालच कच्चा. मी काय करू?"

"कच्चा नव्हता! शंभर घोड्यांच्या ताकदीसाठी केला होता. तू त्याच्या डोक्यावर दीडशे बसवलेस."

तीस वर्षं मिस्त्री इंजिनं बांधत होता. मेहुण्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत. तिथे पाना कमी आणि लॅपटॉप जास्त चालायचा. लॅपटॉपवरून टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवला, पेट्रोल थोडं जास्त सोडलं की तासाभरात लहानशी गाडी उधळायची आणि गिऱ्हाईक हसत घरी जायचं. मिस्त्रीच्या लेखी ही कारागिरी नव्हतीच. बैलाची शेपटी पिरगाळण्यातला प्रकार होता. पण गिऱ्हाइकांच्या गाड्यांबद्दल त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. ही गाडी त्याच्या मुलीची होती.

मुलगी डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स. दवाखान्याची गाडी बंद असली की पेशंट स्वतःच्या गाडीतून न्यायची. काल मागच्या सीटवर कळा देणारी बाई होती आणि ऐन चढावर इंजिन खाडकन बसलं. मागून दुधाचा टेम्पो आला म्हणून बाई वेळेवर पोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे कळूनही मिस्त्रीचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

"घोडे वाढवलेस, त्यांच्या दाण्यापाण्याचं काय?" तो पुन्हा कडाडला. "ऑइल थंड करायची सोय नाही, कनेक्टिंग रॉड तेच काडीसारखे. मामा ना तू तिचा? भाचीच्या जिवाशी खेळलास!"

"मीच सांगितलं होतं त्याला," दारातून आवाज आला. मुलगी कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "तुम्हाला चारदा सांगितलं बाबा, चार माणसं बसली की चढावर गाडी रडते. तुम्ही काय म्हणालात? लहान इंजिन आहे, बेतानं चालव. बाईच्या कळा बेतानं येतात का? मामाने निदान ऐकून तरी घेतलं."

मेहुण्याचा चेहरा खुलला, तशी ती त्याच्याकडे वळली. "आणि तू हसू नकोस मामा. काही होणार नाही म्हणालास. मीही डोळे मिटून विश्वास ठेवला."

ती गेली. मिस्त्रीचा राग गेला नव्हता, उलट वाढला होता. पण आता तो मेहुण्यावर काढायला तोंड राहिलं नव्हतं.

भोक पडलेला पिस्टन बाजूला सारत तो गुरगुरला, "लॅपटॉप घेऊन ये."

पंधरा दिवस दोघं एकाच इंजिनावर वाकले. मिस्त्रीने ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन आणि जाड रॉड बसवले, ऑइल कूलर जोडला. मेहुण्याला एकशे तीस घोडे हवे होते. मिस्त्री एकशे दहाच्या पुढे हलेना. एकदा तर मेहुणा केबल गुंडाळून निघालाच होता.

"भाऊजी, तुमच्याबरोबर काम करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं!"

"आपट. दगडाला काही होत नाही."

शेवटी एकशे वीसवर तडजोड झाली. मग मागे वाळूची पोती टाकून ते त्याच चढावर गेले. चाळीस वेळा वर, चाळीस वेळा खाली. मेहुणा ऑइलचं तापमान ओरडून सांगत होता, मिस्त्री कान इंजिनाकडे लावून गाडी हाकत होता. परत आल्यावर प्लग काढून त्या भोकातून आत बारीक कॅमेरा सोडला. तिन्ही पिस्टन धड होते.

मुलीने किल्ली घेतली. "किती टिकेल?"

पूर्वीचा मिस्त्री छाती ठोकून म्हणाला असता, जन्मभर. "दर महिन्याला उघडून बघावं लागेल," तो म्हणाला. "आणि चढावर जरा जरी वेगळा आवाज आला तर त्याच दिवशी सांग."

"ऐकाल?"

मेहुणा दुसरीकडे बघायला लागला. मिस्त्रीचे कान लाल झाले.

"ऐकीन," तो इतक्या रागाने म्हणाला, की शेजारच्या दुकानातला वेल्डर डोकावून बघून गेला.