आहेराचा दुपट्टा

मित्रांनो, मूल गावच्या धानगिरणीत एका लाकडी पेटीत मी पडून आहे. मी विजेवर चालणारे एक जुने ड्रिल आहे. भिंतीत भोके पाडणे हा माझा धंदा. माझ्या पोटातली मोटर पुढचे टोक गरगर फिरवते आणि फिरता फिरता त्याला मागून ठोकेही देते, म्हणून दगडसुद्धा माझ्यापुढे फार वेळ टिकत नाही. ही फुशारकी समजू नका. फुशारकी मारायचे माझे दिवस केव्हाच सरले.

पन्नास सालानंतरची गोष्ट. छोट्या रेल्वेगाडीने मी मूलला उतरले, तेव्हा अंगावर नवा रंग होता. गिरणीला वीज तिच्या स्वतःच्या तेलाच्या इंजिनावरून मिळे. तिथला मिस्त्री देवाजी तोवर छिनी-हातोड्याने भिंती फोडत असे आणि त्याचे तळवे सोलून निघत. मी पहिले भोक पाडले तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मला फडक्याने पुसले. पुढे रोजच पुसत गेला. इतकी माया मला कारखान्यातही कोणी लावली नव्हती.

पण माया होती म्हणून त्याने मला कधी गृहीत धरले नाही. मला उचलण्याआधी तो खांद्यावरचा दुपट्टा काढून खुंटीला टांगी आणि बंडीचे बंद आवळून बांधी. वायर ओल्या जमिनीवर तर पडली नाही ना, हे वाकून बघे. टोक बदलायचे असले की आधी वायर काढून ठेवी. हे सगळे होईपर्यंत पोती वाहणारा मुखरू हमाल कंटाळून जाई.

"देवाजीभाऊ, मशीन चालोतेस का नवरी पाहाले निंगालास?" तो चिडवी.

"या मशीनले आपलं-परकं समजत नाई बापा," देवाजी म्हणे. "जे गावलं ते गुंडाळते."

खरेच बोलत होता तो. मला थांबायचे कळत नाही. त्यात माझ्या मुठीत एक खटका आहे. तो अडकवला की चालू करायच्या कळीवरचे बोट काढले तरी मी फिरतच राहते. कठीण दगड असला की देवाजी तो अडकवी.

त्याची मुलगी कुंता, तिची सोयरीक सावली गावच्या इस्तारीच्या मुलाशी जुळली. साक्षगंध झाले, लग्न धान घरात आल्यावर करायचे ठरले. एके दिवशी इस्तारी मूलच्या बाजाराला आला आणि व्याह्याला भेटायला थेट गिरणीत शिरला. माणूस मोठा हौशी. सगळ्यांदेखत त्याने देवाजीच्या गळ्यात नवाकोरा दुपट्टा घातला. देवाजीने लाजून हात जोडले.

"आता तुमची मशीन कशी चालते, ते मले पाहू द्या भाऊ," इस्तारी म्हणाला.

देवाजीने मला उचलले. त्याचा हात गळ्यातल्या दुपट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आहेर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो अंगावरून उतरवायचा कसा? सोयरीक नवी होती. व्याह्याचे मन दुखावले, तर बोलणी कुंताला जन्मभर ऐकावी लागली असती. त्याने दुपट्ट्याची दोन्ही टोके बंडीत खोसली, खटका अडकवला आणि मला भिंतीला लावले.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण मला कुठला आलाय गळा!

भोक खोल जाऊ लागले तसा तो पुढे वाकला. दुपट्ट्याचे एक टोक बंडीतून निसटले आणि माझ्या फिरत्या तोंडात आले. मी ते गुंडाळत गेले. देवाजीचा गळा माझ्याकडे ओढला जाऊ लागला, तेव्हा त्याने मध्ये उजवा हात घातला. मुखरूने धावत येऊन वायर उपटली. गळा वाचला. हात मात्र दुपट्ट्याबरोबर माझ्यात गुंडाळला गेला होता. चांद्याच्या दवाखान्यात त्या हाताची बोटे कापावी लागली.

त्याला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत देवाजी भिंतीला टेकून बसला होता. इस्तारी त्याच्यासमोर लहान पोरासारखा रडत होता.

"काऊन नाई काढला भाऊ? मी काई रागावलो असतो? तुमी काढसान असंच वाटलं होतं मले."



लग्न ठरल्या दिवशीच झाले. पुढचे मी मुखरूच्या तोंडून ऐकले. कन्यादानाचे पाणी देवाजीच्या ओंजळीत राहीना, तेव्हा त्याची बायको रुखमाबाई हिने आपला तळवा त्याच्या हाताखाली धरला. ते पाहून कुंता मांडवातच हमसून हमसून रडली. देवाजी पुन्हा गिरणीत आला नाही. मला मग सगळे अपशकुनी म्हणू लागले आणि पेटीत टाकून मोकळे झाले. मला त्याचा राग नाही. मला देवाजीची आठवण येते.

मित्रांनो, कधी मशीन हाती घ्याल तेव्हा समोर कितीही मानाचा माणूस उभा असू द्या, अंगावरचे मोकळे कापड आधी उतरवून ठेवा. संकोच वाटला तर त्याला सरळ विचारा. इस्तारी नाही म्हणाला नसता. देवाजीने फक्त विचारायला हवे होते.