कोरडे मोजे

“त्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही,” रूबेन खोकत म्हणाला. “नाकावर अख्खा मजला चढवलाय. विनाशिका आहे का सहलीची आगबोट?”

रूबेन माझा नवरा, आरमारात सुकाणूवर. हार्विच बंदरातल्या जुन्या विनाशिकांची नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, कासवाच्या पाठीसारखी, लाट घसरून जावी म्हणून तशी केलेली. लाट घसरायची खरी, पण ती मागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या अंगावर. आणखी एक हिवाळा असा भिजला तर छाती टिकणार नाही, असे डॉक्टरने स्पष्ट सांगितले होते. किनाऱ्यावरची नोकरी म्हटले की हा तोंड फिरवायचा. नव्या धर्तीच्या, उंच नाळेच्या बोटीवर मात्र सुकाणूला माणूस हवा होता.

“लोक हसतील मला.”

“हसू देत. रडायला मी एकटीच असेन, त्याचं बघ!”

गेला एकदाचा, तणतणत.

जानेवारीत समुद्र खवळला. वादळ ओसरल्यावर बोटी परतताना दिसल्या, तशी मी नेहमीप्रमाणे टबभर पाणी तापवले आणि कपडे वाळवायला चुलीवर दोरी बांधली. दरवेळी तो दारात यायचा तेव्हा मिठाने कडक झालेली त्याची बंडी सोलून काढावी लागायची.

तो दारात येताच “थांब, आत येऊ नकोस!” म्हणत मी खाली बसले आणि त्याचा बूट ओढला. मोजा कोरडा होता. दुसराही कोरडा. बंडी फक्त खांद्यांवर दमट.

“चहासुद्धा गरम मिळाला गं,” कामचुकारपणा पकडला गेल्यासारखा तो पुटपुटला.

मी ते मोजे उराशी धरून तिथेच रडले. ती नाळ कागदावर कोणी उंच काढली, मला ठाऊक नाही. पण त्याचे भले होवो, त्याच्या लेकराबाळांचे भले होवो, असे मी मोठ्याने म्हणाले.

रूबेनने टबाकडे पाहिले. “पाणी तापलंय ना? समोरचा जोब आत्ताच उतरला. त्याची बोट जुनीच आहे.”

दोघांनी दोन कड्या धरून टब गल्लीपलीकडे नेला. जोब पेटिट दारात कुडकुडत उभा होता, अंगावरून पाणी निथळत होते. त्याने रूबेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“काय, झाली का सहल?”

रूबेन गुडघे टेकून जोबच्या बुटांच्या भिजून आवळलेल्या गाठी सोडू लागला.