सुभद्राकाकूंनी मला पाजलेलं पाणी

मित्रांनो, मी इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी आहे. हुडकेश्वरच्या एका अंगणात, भिंतीला टेकून, भंगारवाल्याची वाट पाहत बसले आहे.

माझं काम साधं होतं. तारेतून वीज आली की ती गिळायची. माझ्या पोटातल्या शिशात आणि आम्लात ती रसायन होऊन मुरायची. लाईन गेली की तीच ऊर्जा पुन्हा वीज होऊन निघायची. पंख्यात गेली की गती व्हायची, दिव्यात गेली की उजेड. थोडी वाटेत उष्णता होऊन सांडायची, पण नाहीशी कधीच व्हायची नाही.

घराचे मालक रुपराव सावनेरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. मला थोपटून बायकोला म्हणायचे, "सुभद्रा, आमी काढलेला कोळसाच जळून वीज झाला अन् हिच्यात येऊन बसला, पाहा वं." त्यांना दमा होता. लाईन गेली की त्यांचं वाफेचं मशीन माझ्यावरच चाले. या कौतुकानं मी फुगून जायची. बॅटरीनं फुगू नये, पण मी फुगायची.

सुभद्राकाकू तर माझे लाडच करत. इन्व्हर्टरवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला जाडसर अभ्रा शिवला होता. उन्हाळ्यात त्या रोज संध्याकाळी नळीनं कूलर भरत. मला मात्र दुकानातलं बॅटरीचं पाणी लागतं, ते आणायचं राहून गेलं. एकदा त्यांनी माझी टोपणं उघडली, तर आत कोरडं. "अवं माय, तहानली ना हे!" म्हणत त्यांनी कूलरची नळीच माझ्या तोंडाला लावली.

ते बोअरचं खारं पाणी होतं, कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढवणारं. त्यातल्या क्षारांनी माझा घात केला. आत आलेली ऊर्जा साठेना, नुसती उष्णता होऊन उडू लागली. मी तापायची आणि रिकामीच राहायची. इन्व्हर्टरचा धोक्याचा लाल दिवा लुकलुकत होता, पण अभ्र्याखाली.

मे महिन्यात भर दुपारी लाईन गेली आणि रुपरावांना धाप लागली. काकूंनी मास्क लावला. मशीन जरा घुरघुरलं आणि बंद पडलं. माझ्याजवळ होतं नव्हतं ते मी सगळं दिलं, मित्रांनो, पण साठाच नव्हता. शेजारचा विक्की ऑटो घेऊन धावत आला.

रुपराव दवाखान्यातून परत आले, पण आता फाटकापर्यंत चाललं तरी त्यांना बसावं लागतं. विक्कीनं नवी बॅटरी बसवली आणि मला उघडून विचारलं, "काकू, बोअरचं पाणी टाकलं का हिच्यात?" काकूंनी होकाराची मान हलवली. तेव्हापासून त्यांनी मनाला लावून घेतलं आहे.

काल संध्याकाळी दोघं अंगणात बसले होते. "माह्याच हातानं झालं," काकू म्हणाल्या.

"काहून रडून राहिली वं? तहानलेली दिसली, तू पाणी देल्लं," रुपराव म्हणाले. एवढं बोलताना ते दोनदा थांबले.

मला काकूंचा राग नाही. पण मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल त्याला काय लागतं, ते आधी विचारा. अधूनमधून अभ्रा उचलून लाल दिवाही पाहत जा. रुपराव दोनदा थांबले ना, तेवढा श्वास एके काळी माझ्या पोटात होता.